काका, तो खडक आता दुभंगत नाही

प्रिय काका,

त्या रात्री तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. चेहराही नीट दिसला नाही. लक्षात राहिला तो लाल टॉर्चच्या उजेडातला तुमचा हात आणि त्या हातातली ट्रायपॉडवर बसवायची सरकती पट्टी. म्हणून हे पत्र असं उघडच लिहितेय. कधीतरी तुमच्या नजरेस पडेल.

आकाशगंगेची अख्खी कमान, खाली जमिनीसकट, एका चित्रात आणायची म्हणून मी वर्षभर धडपडत होते. अमावास्येच्या आसपासच्या रात्री, २० मिमीची लेन्स, उभा धरलेला कॅमेरा, सगळं पुस्तकात लिहितात तसं. कमान एका फोटोत मावत नाही, म्हणून कॅमेरा फिरवत शेजारशेजारचे फोटो, म्हणजे फ्रेम्स, काढायचे. पण घरी येऊन त्या फ्रेम्स जोडल्या की समोरचा खडक मधोमध दुभंगलेला आणि क्षितिज लाटेसारखं वरखाली. मला वाटायचं, सॉफ्टवेअरच कच्चं आहे.

तुम्ही माझा असा जोडलेला एक जुना फोटो, पॅनोरमा, पाहिलात आणि एवढंच म्हणालात, "आभाळ बरोबर आहे. खडक हललाय."

मग एक डोळा मिटून, अंगठा समोर धरून मान फिरवायला लावलीत. अंगठ्याआड लपलेलं लांबचं झाड हळूच बाहेर आलं! कॅमेराही तसाच. तो फिरतो बुडाच्या स्क्रूभोवती, पण लेन्स जग बघते ते तिच्या आतल्या, पुढच्या बिंदूतून. तारे इतके दूर की त्यांना फरक पडत नाही. दोन मीटरवरच्या खडकाला पडतो. तुम्ही तुमची काठी जमिनीत रोवलीत, तिच्या टोकाशी क्षितिजाजवळचा एक तेजस्वी तारा जुळवलात आणि कॅमेरा पट्टीवर थोडा थोडा मागे घेत गेलात. डावीकडे फिरवा, उजवीकडे फिरवा, बघा. पाचव्या की सहाव्या खेपेला काठी आणि तारा एकमेकांना सोडेनात. तिथं तुम्ही पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलात. वर ती सरकती पट्टीच मला देऊन टाकलीत.

क्षितिजाच्या लाटेचं कारण तर मला स्वप्नातही सुचलं नसतं. मी बॉलहेडवर, म्हणजे ट्रायपॉडच्या कुठेही वळणाऱ्या गोल डोक्यावर, कॅमेरा सरळ करायचे आणि खालचा फिरता भाग तिरकाच राहायचा. "आधी पाय समतल, मग डोकं," असं म्हणून तुम्ही गुडघ्यावर बसून ट्रायपॉडच्या समतल-नळीतला बुडबुडा मध्यावर आणलात.

शेवटी कॅमेऱ्याचं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे लांबलेल्या फोटोतले नको असलेले ठिपके काढणारी सोय, बंद करायला लावलंत. ती चालू असली की प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ थांबून राहायचा. आभाळ दर ४ मिनिटांनी १ अंश सरकतं, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी ठेवले तर होईल तेवढं. माझ्या दोन ओळींतल्या १४ फ्रेम्स, प्रत्येकी १५ सेकंदांच्या, आता ४ मिनिटांच्या आसपास संपतात. पूर्वी जवळपास दुप्पट वेळ जायचा आणि शेवटच्या फ्रेमपर्यंत तारे भलतीकडेच पोचलेले असायचे. तारे रेघ न होता ठिपके राहावेत म्हणून ५०० ला लेन्सच्या मिमीने भागायचं, ५०० भागिले २० म्हणजे २५ सेकंद, हा हिशेब मला पाठ होता. तुम्ही १५ वर आणलंत, कारण मोठं करून पाहिलं की २५ मध्ये ताऱ्यांच्या रेघा दिसतात. मला ते लगेच पटलं नव्हतं. आता पटलंय.

आभार मानायचे आहेत ते मात्र याहून मोठ्या गोष्टीसाठी. कमान क्षितिजालगत असते तेवढाच वेळ ती सहज मावते. वर चढली की चित्रात ताणली जाते. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तुमचा ट्रायपॉड मांडून तयार होता. तो तास तुम्ही माझ्या खडकासाठी घालवलात आणि कमान वर गेल्यावर कॅमेरा न उघडताच सगळं आवरलंत. मी ओशाळून काहीतरी पुटपुटले, तर म्हणालात, "आकाश उद्याही आहे. तुमची पट्टी आज बसली, ते बरं झालं."

गेल्या अमावास्येला माझी पहिली अख्खी कमान जुळली. अभिजित ताऱ्यापासून थेट धनू राशीपर्यंत आणि पुढे, खाली तोच खडक, एकसंध. पडद्यावर मोठा करून त्याची एकेक भेग तपासली. जोड सापडला नाही.

चिकटपट्टीचा तुकडा अजून पट्टीवर आहे, कडा काळवंडल्यात. पुन्हा कधी अंधारात भेटलात, तर तुमच्या १४ फ्रेम्स होईपर्यंत मी बाजूला टॉर्च धरून उभी राहीन. लाल.

तुमची,
त्या रात्रीची विद्यार्थिनी