आमवातात काढ्याआधी रक्ततपासणी

संपादक महोदय,

आमवात, म्हणजेच रुमॅटॉइड आर्थरायटिस, असलेले कितीतरी रुग्ण मेथोट्रेक्झेट या आमवातावरच्या औषधाच्या जोडीला गुळवेल, गुग्गुळ किंवा हळदीच्या कॅप्सूल घेतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. ‘झाडपाल्याने काय होणार?’ हा समज यकृताला महागात पडू शकतो.

मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायची. तिचा यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी (यकृताची तपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी तपासतात. गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. शिवाय गुळवेल घेतात ती प्रतिकारशक्ती वाढवायला. आमवातात तर तीच सांध्यांवर उलटलेली असते. आमटीतली हळद निर्धोक आहे. कॅप्सूलचे तसे नाही. ती अंगी लागावी म्हणून तिच्यात बहुधा मिऱ्यातले पिपरीन घालतात आणि त्याने इतर औषधांचेही रक्तातले प्रमाण बदलू शकते.

काही घ्यायचेच असेल तर डॉक्टरांना बाटली दाखवून, आधी एसजीपीटी करून, एका वेळी एकच सुरू करावे व चार आठवड्यांनी पुन्हा तपासावे. तीन एकदम घेतली की बिघाड कशाने झाला ते कळत नाही. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना उडाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बिनलेबलच्या पुडीने दोन दिवसांत सूज उतरली तर तिच्यात स्टेरॉइड असण्याचा संशय घ्यावा. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती अचानक बंद करणेही धोक्याचे आहे. आधी डॉक्टरांना भेटावे.

व्यायामाला मात्र आमचा ठाम आग्रह आहे. सकाळी हात दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून मूठ हळू मिटावी-उघडावी, अंगठा प्रत्येक बोटाला टेकवावा, दहा-दहा वेळा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने पाच सेकंद दाबावी, तीही दहा वेळा. मग सपाट रस्त्यावर चालावे, दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वाढवत. व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणे वाढलेलेच असेल तर पुढच्या वेळी निम्मेच करावे. सांधा गरम आणि सुजलेला असताना वजन उचलणे, मालीश, कपडे पिळणे बंद. फक्त हलकी हालचाल. आजार जुना असेल तर मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात. त्यामुळे मानेचा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय शीर्षासन, सर्वांगासन, हलासन करू नये.

– दोन फिजिओथेरपिस्ट, सांगली