नव्या सदस्याची पारख वागण्यावरून व्हावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन समूहांत शिरणाऱ्या भामट्यांना ओळखण्याच्या ज्या खुणा वारंवार सांगितल्या जातात, त्यांतील बऱ्याचशा आता निरुपयोगी झाल्या आहेत आणि त्यांवर विसंबल्यामुळे निरपराध नवख्यांवर संशय घेतला जातो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अशुद्ध भाषा, छायाचित्राचा अभाव आणि नुकतेच उघडलेले खाते या त्या खुणा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे आज कोणालाही निर्दोष भाषेत लिहिता येते, छायाचित्र चोरता किंवा तयार करून घेता येते आणि पासवर्ड चोरून एखाद्याचे जुने खातेही बळकावता येते. उलट खरा नवखा माणूसच पुष्कळदा बिचकत, चुकत लिहितो. आजारपणाविषयीच्या समूहात तो आपले नाव झाकून ठेवतो, आणि तसे करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

पाहायचे ते हे, की नवा सदस्य संभाषण कुठे नेऊ इच्छितो. भामटा समूहात विषयासाठी येत नाही, माणसे हेरण्यासाठी येतो. त्यामुळे चर्चेतील त्याचे लेखन कोणत्याही विषयाखाली खपेल असे मोघम असते किंवा दुसऱ्या सदस्याचा जुना मजकूर उचलून डकवलेले असते, आणि त्या विषयातला एखादा नेमका उपप्रश्न विचारला की तो गप्प होतो. एकटेपणा, आजार किंवा पैशांची ओढाताण यांविषयी ज्यांनी मोकळेपणाने लिहिले असेल, त्यांना मात्र त्याचे व्यक्तिगत संदेश लगेच जाऊ लागतात, आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर बोलण्याचा आग्रह सुरू होतो. या आग्रहाला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो, कारण तिथे गेल्यावर अ‍ॅडमिनची आणि इतर सदस्यांची नजर राहत नाही. पैशांचा विषय कदाचित कित्येक आठवड्यांनी निघेल. इतका धीर एखाद्या भुरट्या चोराला परवडणार नाही. पण हा संघटित धंदा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, एकट्या म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार लोकांना डांबून ठेवून त्यांच्याकडून बळजबरीने ऑनलाइन फसवणूक करवून घेतली जात असावी. समोरून गोड बोलणारा माणूस स्वतःच कैदेत असू शकतो, ही गोष्ट विसरता येत नाही.

अ‍ॅडमिननी नव्या सदस्याच्या व्यक्तिगत संदेशांवर सुरुवातीचा काही काळ मर्यादा घालावी. ऑनलाइन चर्चामंच चालवण्याच्या डिस्कोर्ससारख्या प्रणालीत ही सोय मुळातच आहे. सदस्यांनीही कोणावर जाहीर आरोप न करता, आलेला संदेश स्क्रीनशॉटसह अ‍ॅडमिनला कळवावा. एका संदेशावरून सहसा काही सिद्ध होत नाही, पण तोच मजकूर पाच जणांना गेला आहे हे पाचही जणांनी कळवल्याशिवाय उघड होणार नाही.

एका प्रकाराकडे मात्र फारच दुर्लक्ष होते. फसलेल्या सदस्याने धीर करून आपली हकिकत समूहात मांडली की, गेलेले पैसे शुल्क घेऊन परत मिळवून देतो, असे सांगणारा कोणी नवा 'तज्ज्ञ' थोड्याच वेळात उगवतो. आधीच होरपळलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुबाडण्याचा हा प्रयत्न असतो, आणि असा संदेश पाठवणाऱ्याला समूहाबाहेर काढण्यासाठी अ‍ॅडमिननी आणखी कोणत्याही पुराव्याची वाट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपला,
एक वाचक