अत्याचाराचे फोटो दडवून कोणाला वाचवायचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

युद्धकैद्यांवरील अत्याचारांचे फोटो सरकारने प्रसिद्ध करावेत का, असा विषय निघाला की 'लोक भडकतील, आपल्याच सैनिकांच्या जिवावर बेतेल' हा मुद्दा हटकून पुढे येतो. तो एकदा मान्य केला की अत्याचार जितका भयंकर, तितके तो लपवण्याचे कारण भक्कम. किरकोळ मारहाणीचे फोटो बाहेर येतील, सर्वांत वाईट ते कुलपात राहतील. हे गुन्हेगारांच्याच पथ्यावर पडणारे आहे.

इराकमधल्या, अमेरिकी लष्कराच्या ताब्यातल्या अबू घरीब तुरुंगाचेच घ्या. रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी ऑक्टोबर २००३ मध्येच तिथले प्रकार पाहून अधिकाऱ्यांच्या कानावर घातले होते. जानेवारी २००४ मध्ये तिथल्याच एका अमेरिकी सैनिकाने फोटोंची सीडी लष्करी तपास विभागाकडे दिली. मेजर जनरल टागुबा यांनी चौकशी करून अहवालही दिला. पण जग हादरले ते एप्रिलच्या अखेरीस सीबीएस वाहिनीने फोटो दाखवल्यावर. डोक्यावरून काळी टोपी ओढलेला, हातांना वायरी बांधून खोक्यावर उभा केलेला माणूस दिसला, तेव्हा कुठे वरिष्ठांना जाहीरपणे जाब विचारला जाऊ लागला. अहवालांची तोवर बाहेर फारशी दखल घेतली गेली नव्हती.

पुढची कथा संतापजनक आहे. नागरी हक्कांसाठी लढणारी एसीएलयू ही अमेरिकी संस्था इराक आणि अफगाणिस्तानातल्या कैद्यांवरील अत्याचारांच्या उरलेल्या फोटोंसाठी कोर्टात गेली. २००५ मध्ये न्यायाधीश हेलरस्टीन यांनी चेहरे झाकून फोटो देण्याचा आदेश दिला, २००८ मध्ये अपील न्यायालयानेही फोटो देण्याच्याच बाजूने निकाल दिला. ओबामा सरकार आधी फोटो द्यायला तयार झाले आणि मे २००९ मध्ये फिरले. ओबामांचे म्हणणे असे की फोटो फारसे खळबळजनक नाहीत, पण प्रसिद्ध झाले तर सैनिकांना धोका. दोन्ही एकाच वेळी कसे खरे मानायचे? त्याच वर्षी अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) कायदाच केला : संरक्षणमंत्र्यांनी धोक्याचा दाखला दिला की फोटो तीन वर्षे बंद, आणि दाखल्याचे नूतनीकरण करता येते. अखेर २०१६ मध्ये १९८ फोटो आले, बहुतेक जखमा आणि व्रण जवळून दाखवणारे. सुमारे १,८०० मागेच राहिले, आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयाने सरकारचीच बाजू घेतली.

एक आक्षेप मात्र मला खरोखर गंभीर वाटतो. फोटोतला माणूस पुन्हा विवस्त्र होऊन जगासमोर उभा राहतो. कैद्यांना लोकांच्या कुतूहलापासून जपावे, असे तिसऱ्या जिनिव्हा कराराचे कलम १३ सांगते, ते योग्यच आहे. म्हणून चेहरा आणि ओळखीच्या खुणा झाकाव्यात. लैंगिक छळाचे फोटो पीडिताच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या संमतीशिवाय दाखवूच नयेत. त्यांचे लेखी वर्णन द्यावे. पण कैद्याच्या अब्रूच्या नावाखाली छळणाऱ्याची अब्रू राखायची, हे त्या कलमात कुठेही नाही.

शिवाय नुसता फोटो देऊन भागणार नाही. तो कुठे, कधी काढला, कैदी कोणत्या तुकडीच्या ताब्यात होता, चौकशीत काय निघाले, शिक्षा कोणाला झाली, हे सोबत हवे. अबू घरीब प्रकरणी ११ सैनिकांना शिक्षा झाली. लष्करी न्यायालयात उभा राहिलेला अधिकारी एकच, आणि कैद्यांच्या छळाच्या आरोपांतून तो सुटला. उरलेल्या फोटोंतून आणखी वरची नावे निघतात की नाही, हे तपासण्याचा हक्क पीडितांना आणि ज्यांच्या करातून ते तुरुंग चालले त्या नागरिकांना आहे. धोक्याचा दाखला मंत्र्यांनी द्यायचा असेल तर तो प्रत्येक फोटोसाठी वेगळा, कारणांसह आणि न्यायाधीशांसमोर द्यावा.

आपला,
एक वाचक