पंढरीच्या कथा जागेवर वाचता याव्यात

महोदय,

पंढरपूरच्या विकासाची चर्चा रस्तारुंदी आणि दर्शनरांगेपाशीच थांबते, याचे वाईट वाटते. रुसून दिंडीरवनात आलेल्या रुक्मिणीला शोधत देव येथे आले आणि आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने पुढे केलेल्या विटेवर उभे राहिले, ही कथा सर्वांना ठाऊक असते. परंतु रखुमाईचे मंदिर वेगळे असण्याचे कारण त्याच रुसव्यात सांगितले जाते, हे रांगेतल्या मुलांना कळत नाही. चंद्रभागेला पूर आला की पाण्यात जाणारे पुंडलिकाचे मंदिर, गोपाळपूर आणि विष्णुपद येथे मराठीत नेटके फलक आषाढीपूर्वी लावावेत. त्यांवर आख्यायिका ही आख्यायिका म्हणूनच द्यावी आणि इ. स. १२७३ पासूनच्या देणग्या नोंदवणाऱ्या मंदिरातील यादवकालीन शिलालेखाची माहिती स्वतंत्रपणे लिहावी.

– एक वारकरी, सोलापूर