आमच्या व्हॉल्व्हमन काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि मी आभार आज मानतोय. तेव्हा मानायचे तर आधी चूक कबूल करावी लागली असती.

आठवतंय ना, टेकडीवरच्या गल्लीत पाणी चढत नव्हतं? टाकीपासून तिथवर 200 मिलिमीटरची जुनी बिडाची लाइन, 1200 मीटर. ईपॅनेट या पाइपांचं गणित करणाऱ्या संगणक प्रोग्रॅममध्ये मी जाळं उभं केलं आणि हेझन-विल्यम्सच्या सूत्रातला सी, पाइपच्या गुळगुळीतपणाचा आकडा, नव्या बिडाचा, म्हणजे 130 धरला. सेकंदाला 20 लिटर पाणी वाहताना घर्षणात तीन मीटरही दाब जायला नको होता (दाब आम्ही पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये मोजतो). गेजवर वीस मीटर जात होते. मग मी आम्ही इंजिनिअर बरेचदा करतो तेच केलं, सी खाली आणत गेलो. (हा आकडा उलटा चालतो, पाइप जितका खडबडीत तितका सी कमी.) 100, 80, 60... शेवटी 45 ला मॉडेल आणि गेज जुळले. इतके छान जुळले की अख्खी लाइन बदलायचं अंदाजपत्रकच लिहायला घेतलं.

तुम्ही विचारलंत, "पंचेचाळीस म्हणजे काय?" मी म्हटलं, पाइप आतून फार गंजलाय. तुम्ही काही न बोलता स्टोअरमागच्या भंगारातून त्याच लाइनचा, गळती काढताना कापलेला तुकडा आणून माझ्या टेबलावर ठेवलात. आत तपकिरी गाठी होत्या, बोट फिरवलं की खरखर लागायची, पण भोक बऱ्यापैकी मोकळं. "ह्यानं एवढं खाल्लं?" त्या पाइपला सी फार तर 80 द्यावा. म्हणजे घर्षण नव्याच्या साधारण अडीचपट, सात मीटर. उरलेले तेरा गेले कुठे?

"साहेब, गंज वाटभर थोडं थोडं खातो. एका जागी घास घेतो तो व्हॉल्व्ह."

दुसऱ्या दिवशी आपण सकाळी, पाण्याच्या ऐन गर्दीत निघालो. मला दुपार सोयीची होती, तुम्ही ऐकलं नाहीत, आणि बरोबरच होतं ते. प्रवाह अर्धा झाला की घर्षणातली घट पाव-सव्वापावावर येते, मग खडबडीत काय नि गुळगुळीत काय, गेजला फरक कळत नाही. नळानळाला दाब घेतला, चढउतार वजा केला. मारुतीच्या देवळापर्यंत आकडे हळूहळू उतरत होते. देवळापुढच्या पन्नास पावलांत एकदम तेरा मीटर पडले.

डांबराखाली गेलेलं चेंबर तुम्ही पहारीनं ठोकून शोधलंत. चावी लावून बंद करायच्या बाजूला फिरवलीत, तर दीड आट्यातच अडली, म्हणजे व्हॉल्व्ह जवळजवळ बंदच होता. कधीतरी दुरुस्तीनंतर तो पूर्ण उघडायचा राहून गेला होता. आमच्या नकाशात तो व्हॉल्व्हच नव्हता! उघडताना तुम्ही मोठ्यानं आटे मोजत होतात, आणि वीसच्या पुढे गेल्यावर वरच्या गल्लीतून एक बाई ओरडली, "आलं, आलं!"

अंदाजपत्रक मी गुपचूप फाडलं. तो तुकडा अजून टेबलावर आहे, नवीन पोरं त्याला पेपरवेट समजतात.

काका, तुमच्या डोक्यात असे आणखी किती व्हॉल्व्ह आहेत, जे आमच्या नकाशात नाहीत? रविवारी नकाशा घेऊन घरी येतो. लाल पेन माझं, चहा तुमचा.

तुमचा,
पंचेचाळीसवाला साहेब