साध्या व्होडकावर ‘ग्लूटेनमुक्त’चं स्टिकर, फ्लेवरच्या बाटलीवर काहीच नाही

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख

विषय : आपल्या दोन व्होडकांच्या लेबलांबद्दल तक्रार

महोदय,

मी लातूरचा, मार्केट यार्डात माझी अडत आहे. तीन वर्षांपूर्वी मला सिलिअॅकचा आजार निघाला, म्हणजे गहू, जव, राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने माझ्या लहान आतड्याला इजा होते. आधी रक्ताची टीटीजी तपासणी झाली, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचा बारीक तुकडा तपासणीसाठी काढला. तेव्हापासून गहू, जव आणि राय बंद. घरात ज्वारीची भाकरी पहिल्यापासूनच, त्यामुळे जेवणाचं फारसं अडलं नाही. फसलो हिंगात. डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हे मला चार महिने पोट बिघडवून घेतल्यावर कळलं. तेव्हापासून लेबल वाचल्याशिवाय मी काही तोंडात घालत नाही.

जानेवारीत मित्राच्या शेतावर हुरडा होता. हुरडा ज्वारीचा, त्याची काळजी नव्हती. बिअर जवाच्या माल्टची, ती आंबवून गाळतात पण तिचं ऊर्ध्वपातन (उकळून वाफ थंड करून गोळा करणं) होत नाही, म्हणून ती माझ्यासाठी कायमची गेली. म्हणून आदल्या दिवशी वाईन शॉपमधून तुमच्या दोन बाटल्या घेतल्या. (परवाना आहे माझ्याकडे, तो विषय काढू नका.) एक साधी व्होडका, वर ‘ग्लूटेनमुक्त’ असं सोनेरी स्टिकर. तुमच्याच जुन्या साध्या व्होडकापेक्षा २६० रुपयांनी महाग. दुसरी हिरव्या सफरचंदाच्या फ्लेवरची.

घरी चष्मा लावून वाचलं. महागड्या बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलंय की स्पिरिट उसाच्या मळीपासूनचं आहे. अहो, आमच्या भागात कारखान्याची मळी कुठे जाते हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मळीत ग्लूटेन येणार कुठून? आणि समजा गव्हापासून काढलं असतं, तरी अल्कोहोलची वाफ वर जाते आणि ग्लूटेन हे प्रथिन खाली भांड्यातच राहतं, कारण त्याची वाफ होत नाही. अमेरिकेच्या मद्य-कर खात्यानेही २०२० मध्ये, पुढे कुठे ग्लूटेन मिसळणार नाही याची काळजी घेतली असेल तर, गव्हाच्या स्पिरिटवर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायला परवानगी दिली. म्हणजे स्टिकर खोटं नाही. पण मिठाच्या पुडीवर ‘साखर नाही’ असं छापून भाव वाढवावा, तसले ते २६० रुपये आहेत.

माझी खरी तक्रार दुसऱ्या बाटलीची आहे. फ्लेवर, रंग, गोडवा हे सगळं ऊर्ध्वपातन झाल्यावर टाकतात. तिथे माल्टचा अर्क गेला तर तो तसाच पेल्यात येतो. प्रश्न जिथे पडतो त्याच बाटलीवर तुम्ही फक्त ‘परवानगी असलेले स्वाद’ एवढं लिहून मोकळे झालात.

कस्टमर केअरला फोन केला. मुलगी म्हणाली, “सर, आपलं ईएनए असतं.” म्हटलं, ईएनए कशाचं? “सर, एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल.” म्हटलं, बाई, ते नाव झालं, मी माल विचारतोय. तिची चूक नाही, तिला कुणी सांगितलंच नसणार. मग तीन मेल केले. तिन्हींना एकच उत्तर आलं : आमची उत्पादने उच्च दर्जाची आहेत, कृपया जबाबदारीने मद्यपान करा. अहो, जबाबदारीनेच तर विचारतोय!

मला एवढं लेखी कळवा. सफरचंदाच्या फ्लेवरमध्ये काय काय आहे, आणि तो तुम्ही स्वतः बनवता की बाहेरून घेता? बाहेरून घेत असाल तर त्या पुरवठादाराकडून ग्लूटेनबद्दल काही लिहून घेतलंय का? तयार बाटलीची तपासणी झाली आहे का? आपल्याकडे ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तेवढा एक अहवाल दाखवलात तर ते सोनेरी स्टिकर खुशाल सफरचंदाच्या बाटलीवर लावा, मी जास्तीचे पैसे कुरकुर न करता देईन. साध्या व्होडकावरचे २६० रुपये मात्र परत हवेत.

हुरड्याला मी ताकावर भागवलं. सफरचंदाची बाटली सील न फोडता कपाटात ठेवली आहे. बिलाची प्रत आणि दोन्ही लेबलांचे फोटो सोबत जोडले आहेत, त्यात बॅच नंबर दिसतो. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर हेच कागद घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

आपला,
एक ग्राहक, लातूर