पहिल्या लीडच्या आधी

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात डोंगरात कातळावर पहिल्यांदा लीड करणार आहेस, म्हणजे वरून दोर नसताना, कातळात ठोकलेल्या बोल्टांना दोर अडकवत सगळ्यांच्या पुढे चढणार आहेस. त्यासाठी पंधरा मीटरचा, फ्रेंच श्रेणीतला 4चा, म्हणजे सोप्यातला, रूट निवडलायस, हे ऐकून फार बरं वाटलं. निवड अगदी योग्य आहे. पण ‘इतका सोपा आहे की काळजीचं कारणच नाही’ असं तू फोनवर म्हणालीस, ते मला पटलेलं नाही. फोनवर घाईघाईत बोलण्यापेक्षा नीट लिहावं म्हणून हे पत्र.

श्रेणी फक्त चढायला किती कठीण ते सांगते. दोन बोल्टमध्ये अंतर किती, दगड किती घट्ट, आणि हात सुटला तर खाली काय आहे, यातलं काहीच ती सांगत नाही. क्लाइंबिंग जिममध्ये तू पुढे झुकलेल्या भिंतीवर चढतेस. तिथे पडलीस तर हवेत पडतेस, दोर ताणला जातो आणि तू लोंबकळत राहतेस. 4च्या कातळाला मात्र उतार असतो, मध्ये पायऱ्या असतात, बाहेर आलेले टप्पे असतात. तिथे पाय सुटला की दोराने धरायच्या आधीच घोटा एखाद्या टप्प्यावर आपटू शकतो. अवघड रूटवर चांगले आरोहक दिवसभर पडत असतात आणि त्यांना काही होत नाही. सोप्या रूटवर पडणं जास्त लागतं. म्हणून या पहिल्या रूटवर पडायची सवय करायची नाही, परतायची करायची. पुढची पकड सापडत नसेल तर दोन पावलं खाली ये, बोल्टपाशी थांब, ‘टेक’ (दोर ताणून धर) म्हण, दोरावर बसून श्वास घे. उतरून येण्यात कमीपणा काहीच नाही. आधी टॉप रोपवर, म्हणजे वरून लावलेल्या दोरावर, हाच रूट चढून पुन्हा चढतच खाली उतरायला मिळालं, तर फारच छान.

पायांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या मते सगळी मजा तिथेच आहे. जिममधल्या पकडी रंगीत असतात, डोळ्यांत भरतात. कातळावर त्या शोधाव्या लागतात. करंगळीच्या रुंदीची कपार, दगडातला स्फटिकाचा उंचवटा, पावसाने झिजलेला खोलगटपणा, यातलं काहीही पायाला पुरतं. बुटाचं टोक तिथे टेकेपर्यंत नजर तिथेच ठेव. टेकल्यावर टाच किंचित खाली सोड, अंगाचा भार त्या पायावर घे आणि मग तो हलवू नकोस. नवखी माणसं घाबरली की कातळाला चिकटतात, आणि उतारावर चिकटलं की पाय घसरायला लागतात. कंबर थोडी बाहेर ठेवलीस तर वजन सरळ तळव्यावर येतं आणि रबर दगडाला धरतं. हात नुसते तोलासाठी, खांद्याच्या आसपास. वर फार ताणलेस की खालचं दिसत नाही. कुठलीही मोठी, मोहात पाडणारी पकड ओढण्याआधी तिच्यावर मुठीने ठोकून बघ. पोकळ आवाज आला तर ती सोडून दे. डोंगरात भेगांतलं पाणी गोठतं, वितळतं आणि दगड सैल करत राहतं. हेल्मेट यासाठीच, तुझ्यासाठी आणि खाली उभं राहून तुझा दोर सांभाळणाऱ्या, म्हणजे बिले देणाऱ्यासाठीही.

क्लिप करताना, म्हणजे बोल्टला लावलेल्या क्विकड्रॉच्या (दोन्ही टोकांना कडी असलेल्या पट्टीच्या) कडीत दोर अडकवताना, बोल्ट कमरेच्या आसपास येईपर्यंत चढ. हात उंच करून क्लिप करायला गेलीस तर खालून जास्त दोर ओढावा लागतो, आणि त्याच क्षणी पडलीस तर तेवढंच जास्त खाली जाशील. दुसरा-तिसरा बोल्ट होईपर्यंत जमीन जवळच असते, हे विसरू नकोस. दोर कातळाच्या बाजूने येऊन तुझ्याकडे बाहेर पडला पाहिजे. उलटा गेला तर पडताना त्या कडीचं, म्हणजे कॅराबिनरचं, उघडझाप होणारं गेट उघडू शकतं, आणि उघड्या गेटचं कॅराबिनर फारच कमजोर असतं. युरोपीय मानकाप्रमाणे बंद गेटला लांबीत किमान 20 किलोन्यूटन ताकद लागते, उघड्या गेटला फक्त 7. आणखी एक, दोर पायामागे जाऊ देऊ नकोस. पडताना तो पायात अडकला तर माणूस उलटा होतो.

आता कमरेच्या हार्नेसला दोर बांधायची गाठ. लिन हिलचं नाव तुला माहीत आहे. 1993 मध्ये अमेरिकेतल्या एल कॅपिटन कड्याचा ‘नोज’ हा रूट पहिल्यांदा फ्री, म्हणजे दोर फक्त पडल्यास धरण्यापुरता ठेवून, चढली तीच. त्याआधी 1989 मध्ये फ्रान्समधल्या एका कड्यावर, तिच्या मानाने सोप्या रूटवर, तिची गाठ अर्धवट राहिली होती. वर पोचून ती दोरावर मागे रेलली आणि वीस-पंचवीस मीटर खाली आली. झाडामुळे वाचली. रूट सोपा असला की मन गप्पांत असतं आणि गाठ निम्म्यात राहते. तेव्हा फिगर ऑफ एट, म्हणजे ही आठच्या आकाराची गाठ, बांधत असताना कुणाशी बोलू नकोस, पूर्ण होईपर्यंत बुटाला हात लावू नकोस. दोर हार्नेसच्या दोन्ही लूपांतून गेलाय, पदर जोडीजोडीने समांतर आहेत, शेपूट वीतभर उरलंय, एवढं बोट लावून बघ. मग जोडीदाराला दाखव आणि त्याचं बिले डिव्हाइस, लॉक केलेलं कॅराबिनर, दोघांचे बकल तू बघ. दोराच्या मोकळ्या टोकालाही गाठ हवीच. पंधरा मीटरच्या रूटला साठ मीटरचा दोर भरपूर होतो हे खरं, पण ही गाठ सवयीची व्हायला हवी. आखूड दोराचं टोक बिलेतून निसटून खाली सोडताना माणसं पडली आहेत.

वर पोचल्यावर काय करायचं ते खालीच ठरवा. तू दोरावर बसून बिले देणाऱ्याच्या हातून खाली येणार की रॅपल करणार, म्हणजे दोर स्वतःच सांभाळत उतरणार? हे स्पष्ट नसलं की बिले देणारा वरून आलेल्या हाकेचा चुकीचा अर्थ लावतो आणि दोर सोडून देतो. वाऱ्यात शब्द विरतात, म्हणून हाक नाव घेऊनच मारायची. अँकर, म्हणजे रूटच्या माथ्यावरचा दोराचा आधार, मोकळा करायचं काम या वेळी बरोबरच्या अनुभवी मुलीला करू दे. तू ते जमिनीवर शिकून घे, घाई नाही.

आणि लवकर निघा. दर हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश थंडी वाढते, दुपारी ढग भरतात, ओल्या कातळावर हाच 4 ओळखू येणार नाही. गडगडाट ऐकू आला तर रूट अर्धा राहिला तरी खाली ये. वरच्या दोन बोल्टवरची क्विकड्रॉ तिथेच सोडून ये, दुसऱ्या कुणाला मिळाली तरी चालेल. मी तुला नवी घेऊन देईन.

तुझी,
आई